फळीखालचा ठोकळा

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आबांच्या हमाल टोळीची एक फळी होती. त्या फळीखाली मी एकदा लाकडाचा ठोकळा ठेवला. कोणाला न विचारता, भलं करायला म्हणून. त्यानंतरचं वर्ष मी ज्या भीतीत काढलं ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये असं मला वाटतं, आणि मी काही फार उदार मनाची बाई नाही.

आधी फळी सांगते. दोन पुरुष लांब, हातभर रुंद, जुन्या सागाची. पाय सरकू नये म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. एक टोक जमिनीवर, दुसरं ट्रकच्या हौद्यावर. दोघं जण मिळून हमालाच्या पाठीवर पोतं देतात, तो कमरेत वाकतो, हातातला लोखंडी आकडा पोत्यात नीट बसवतो आणि फळीवर चढतो. मधोमध आला की फळी चार बोटं खाली लवते. परक्याला वाटतं, आता मोडते. ती मोडत नाही, वर येते, आणि ती वर येत असतानाच हमालाचं पुढचं पाऊल पडतं. चार-पाच पावलांत माणूस वर. लांबून पाहिलं तर पोत्याला पाय फुटून ते तुरुतुरु चढल्यासारखं दिसतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, या फळीवर तीस वर्षं चढले. टोळीतले सगळे म्हणायचे की आबांच्या पायाखाली फळी आवाज करत नाही. मी सातवीत असताना डबा घेऊन मोंढ्यात जायचे. एकदा हट्ट धरला म्हणून आबांनी माझ्या पाठीवर रिकाम्या बारदान्याची गुंडाळी दिली आणि म्हणाले, "चढ." मी मधोमध गेले, फळी खाली गेली, मी घाबरून थांबले. फळीनं मला असं हलवलं की गुंडाळीसकट मी खाली, सोयाबीनच्या ढिगात. टोळी पोट धरून हसली. आबा हसले नाहीत.

"थांबायचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "आपण फळीला देतो, मग ती आपल्याला देती. मधीच थांबलीस की घेतलेलं परत देत न्हाई ती."

हे वाक्य मी विसरून गेले. विसरले नसते तर पुढचं काही झालं नसतं, पण शिकलेल्या माणसाची हीच तर गंमत असते.

पुढं लातूरला फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेले. घरातली पहिली मुलगी पुढं शिकायला निघालेली, त्यामुळे मायनं गल्लीभर सांगितलं होतं की आमची पोरगी हातापायाची डॉक्टर होणार. दुसऱ्या वर्षात एका सरांनी आम्हाला वर्गाबाहेर काढून भिंतीजवळ उभं केलं आणि प्रत्येकाच्या हातात खडू दिला. आधी म्हणाले, गुडघे वाकवून बसा, पाच आकडे मोजा, मग उडी मारून भिंतीवर खूण करा. केली. मग म्हणाले, आता उभ्यानं पटकन वाका आणि न थांबता तशीच उडी मारा. दुसरी खूण वर गेली. सगळ्यांचीच वर गेली, आमच्यातल्या सर्वांत आळशी मुलीचीसुद्धा.

सरांनी कारण सांगितलं. खाली वाकताना पोटरीचा स्नायू घट्ट धरून राहतो आणि टाचेमागची कंडरा ताणली जाते. ताणताना तिच्यात जी ताकद साठते ती तिनं लगेच परत दिली तर उडीला मिळते. मध्ये थांबलात तर स्नायू सैल पडतो, साठलेल्याची नुसती ऊब होते आणि ती वाया जाते. चालताना, पळताना, जिना उतरताना दर पावलाला ही देवघेव चालू असते. माणूस दिवसभर चालून दमत नाही तो काही नुसत्या स्नायूंच्या जोरावर नव्हे, असं सर म्हणाले.

मी घरी आल्यावर मोठ्या तोऱ्यात आबांना हे समजावलं. "टाचेच्या मागं कंडरा असते," म्हटलं.

"घोडशीर म्हण की."

"घोड्याची कशाला?"

"घोडं पळतंय ते तिच्याच जोरावर. बैलाचं काम खांद्यावर, घोड्याचं टाचंवर. हमालाचं दोन्हीवर," असं म्हणून ते जेवायला बसले. माझ्या दोन तासांच्या तासिकेची त्यांनी अशी वासलात लावली, याचा मला रागच आला.

शिक्षण संपता संपता दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा सकाळी अंगणात आबा भिंतीला धरून चालताना दिसले. अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा-बारा पावलं ते उजवा पाय ओढत टाकायचे. मग पाय गरम झाला की चाल नीट व्हायची. मी त्यांना पाटावर पालथं झोपवलं आणि टाच दाबून पाहिली. घोडशीर डाव्यापेक्षा जाड झाली होती, आणि बोट फिरवलं की बोराएवढी गाठ लागत होती. तिथं दाबल्यावर आबांनी श्वास आत घेतला. तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस श्वास आत घेतो म्हणजे काय, हे मला कळत होतं. वरच्या कातडीवर काळे डाग होते. मायनं बिब्बा घातला होता.

मी मायवर ओरडले. माय माझ्यावर ओरडली. "मह्या हातानं तेचं दुखणं निम्मं झालंय, तू काल आलीस," ती म्हणाली.

मी आबांना सांगितलं, शीर आतून झिजली आहे, तीन महिने फळी बंद. आबा म्हणाले, सोयाबीन यायला लागलंय, आत्ता तर अजिबातच न्हाई. त्यांच्या टोळीचा एक कायदा होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता. जो फळी चढतो तो टोळीत. ज्याच्यानं चढवत नाही त्यानं हमालीचा बिल्ला मुकादमाकडं द्यायचा आणि वजनकाट्यावर बसायचं, नाहीतर खाली सांडलेलं झाडायचं. आबांच्या आधीचे दोघं तसे काट्यावर बसले होते. आबा सांगायचे, पहिले काही दिवस लोक त्यांना हाक मारायचे, मग हळूहळू मारेनासे झाले. बिल्ला गेला की आबांचं काय राहणार होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. माझा बाप कुठल्या देवळात, कुठल्या पारावर बसणारा माणूस नव्हता.

"मग निदान हळू चढा," मी म्हटलं.

"हळू चढता येत न्हाई, बाई. ती फळी हाय."

मी मनात म्हटलं, फळीचं मी बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन गेले. मोंढ्यात सोयाबीनची धूळ उडत होती. एका आडत दुकानासमोर ट्रक लागला होता आणि आबा फळीवर होते. लहानपणी शेकडो वेळा पाहिलेलं दृश्य, पण त्या दिवशी मी पुस्तकाच्या डोळ्यांनी पाहिलं. आबांच्या पावलाबरोबर फळी लवली आणि त्यांची टाच तिच्याबरोबर खाली गेली. ती जाड झालेली शीर ताणली गेलेली मला पँटच्या काठाखाली स्पष्ट दिसली. मला वाटलं, ही लवणारी फळीच त्या शिरेला ओढते आहे. ती लवली नाही तर शीर ताणली जाणार नाही. इतका सरळ हिशोब.

टोळी चहाला गेली. आबा दुकानाच्या ओट्यावर बसून डबा खात होते, पाठ माझ्याकडं, असं मला वाटलं. काट्याजवळ लाकडाचा एक गुडघाभर उंच ठोकळा पडला होता, बसायला म्हणून कधीतरी आणलेला. मी तो उचलून फळीखाली, बरोबर मधल्या जागी सरकवला. बसेना, तर वर एक चपटी वीट ठेवली. मग स्वतः फळीवर उभी राहून दोन उड्या मारून पाहिल्या. फळी हलली नाही. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

टोळी आली. पहिलं पोतं आबांनीच घेतलं. फळीच्या तोंडाशी ते क्षणभर उभे राहिले. मला वाटलं, आकडा नीट करताहेत. मग चढले.

पहिलं पाऊल नेहमीचं पडलं. दुसरं मध्ये पडलं, आणि तिथं फळी खाली गेलीच नाही. जिन्यात अंधारात शेवटची पायरी संपली हे कळत नाही आणि आपण आणखी एक पायरी उतरायला जातो, तेव्हा जमीन जशी टाचेतून डोक्यात जाते, तसं झालं. आबांचं सगळं अंग चार बोटं खाली जायच्या तयारीनं निघालं होतं आणि लाकूड वर येऊन आदळलं. आवाज आला. वाळलेली काडी मोडावी तसा, पण मोठा. ट्रकवरच्या माणसालाही तो ऐकू गेला.

आबा पडले नाहीत लगेच. पाठीवर पोतं घेऊन ते मागं वळले आणि म्हणाले, "कोण मारलं रे?"

त्यांना खरोखर वाटलं होतं की मागून कोणी टाचेवर दांडका मारला. ही शीर तुटते तेव्हा माणसाला असंच वाटतं, पुस्तकात तसं लिहिलेलंच आहे, मी परीक्षेत ते उत्तर लिहिलं होतं. मागं कोणीच नव्हतं. समोर मी होते. मग पोतं एका बाजूला गेलं, आबा दुसऱ्या बाजूला, फळीवरून खाली.

सगळे धावले. मी पण धावले, पण मी काय केलं ते मला सांगायलाच हवं. सगळे आबांभोवती गोळा झालेले असताना मी आधी फळीखालची वीट आणि ठोकळा ओढून काढला, आणि बारदान्याच्या ढिगामागं फेकला. मग बापाच्या पायाशी गेले. त्यांची पोटरी दाबली तर पाऊल हललं नाही; शीर शाबूत असेल तर ते हलतं. वर, पोटरीखाली, बोट आत जाईल एवढी पोकळी लागली. मला रडू आलं नाही. मला भीती वाटली, की आता कोणीतरी विचारेल.

कोणी विचारलं नाही. मुकादम मामा, आबांच्याच वयाचा दांडगा माणूस, डोक्याला हात लावून म्हणाला, "बिनआवाजी चढणारा माणूस, आन् कसा काय चुकला?" मी मूग गिळून बसले.

जीपमध्ये आबांचा पाय माझ्या मांडीवर घेऊन आम्ही लातूरला आलो. दवाखान्यात शस्त्रक्रिया करून शीर जोडली. सर्जन म्हणाले, आतून झिजलेलीच होती, आज ना उद्या तुटणारच होती. माय म्हणाली, बघ, डॉक्टर म्हणतात तुटणारच होती. सगळ्यांना त्या वाक्याचा आधार झाला. मला झाला नाही. "आज ना उद्या" खरं असेल, पण "आज" मी ठरवला होता. सरांच्या तासाला मी कंडरा शिकले होते, आणि ती ताणली जाणं वाईट असं समजून बसले होते. ताणली जाणं हे तिचं कामच होतं. आबांची टाच आणि ती फळी तीस वर्षं एकमेकींचं ओझं वाटून घेत आल्या होत्या. मी त्यातल्या एकीला अडवलं, आणि तिच्या वाट्याचं दुसरीवर, त्याही आजारी असलेल्या दुसरीवर, एकदम येऊन पडलं. मायची एक आवडती म्हण होती, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ती म्हण ती शेजारच्या पोराला उद्देशून म्हणायची आणि मी दचकायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा उजवी पोटरी डावीच्या निम्मी झाली होती. मुकादम मामा भेटायला आला. बिल्ला त्यानं आपल्या खोलीत खिळ्याला टांगला होता. "पुढचं सोयाबीन येईस्तोवर कोणाला देत न्हाई," तो म्हणाला. "मोंढा भरला की एक पोतं फळीवरून वर नेऊन दाखव, बिल्ला तुझा. न्हाई जमलं तर मात्र माझा नाइलाज हाय. टोळीत नवी माणसं थांबून राहिलीत."

मी म्हटलं, "आबा, सोडा ना. काट्यावर बसा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू शिकलीस कशासाठी? मला बसवायला?"

मला तोवर नांदेडला नोकरी लागली होती. दर शनिवारी दुपारची बस धरून उदगीरला यायचे, रविवारी परत. त्या सगळ्या रविवारांची मला आठवण आहे ती घराच्या उंबऱ्याखालच्या पायरीची. आबा पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे, दोन्ही हात चौकटीला. टाचा वर, मग हळू खाली. आधी दोन्ही पायांवर, मग वर जाताना दोन्ही आणि खाली येताना फक्त उजव्यावर. मग पाठीवर आधी पाच किलो तांदूळ, मग दहा. मी मोजायचे, तोंडानं मोठमोठ्यानं, आणि एक जरी चुकली तरी पहिल्यापासून. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात पोटात ते पाप. मी त्यांना इतकं राबवलं की एकदा माय म्हणाली, "सावत्र हायेस का?"

पोटरी भरत आली. पावसाळा सरता सरता आबा एका पायावर टाच उचलायला लागले. माझ्या जिवात थोडा जीव आला. मग मी पुढची पायरी सुरू केली: जागच्या जागी छोट्या उड्या. शिरेला जोर आला होता, आता तिला घेतलेलं परत द्यायला शिकवायचं होतं.

आणि तिथं आबा अडले.

ते उडी मारायचे आणि खाली आल्यावर थांबायचे. दुसरी उडी लगेच निघायची नाही. पाय जमिनीला लागला की सगळं अंग ताठ व्हायचं, दात आवळले जायचे, जणू खालची जमीन आहे की नाही याची खात्री करून घेताहेत. मी ओरडायचे, "थांबू नका, आबा! लगेच!" ते पुन्हा मारायचे, पुन्हा थांबायचे. मला लहानपणी थांबू नको सांगणारा माणूस अंगणात एका उडीवर अडकून पडला होता. घामानं निथळत ते म्हणायचे, "पायाचा भरवसा येत न्हाई."

शिरेत काही खोट नव्हती. मी तपासली होती. नांदेडच्या माझ्या वरिष्ठ बाईंनी म्हटलं, भीती आहे, कधीकधी असं होतं, शरीराला एकदा दगा झाला की ते पुन्हा विसंबत नाही. मी मान हलवली. दगा कोणी केला ते मला माहीत होतं. आबांना वाटत होतं की पायानं दगा दिला. फळी तशीच होती, पोतं तसंच होतं, म्हणजे पायच फसवा निघाला, असा त्यांचा हिशोब असणार असं मी धरून चालले होते. त्यांना खरं सांगितलं तर कदाचित त्यांचा पायावर भरवसा बसला असता. माझ्यावरचा गेला असता. दर शनिवारी बसमध्ये मी ठरवायचे, आज सांगायचं. दर रविवारी तशीच परत यायचे. मला माझीच चीड यायची, आणि ती मी आबांवर काढायचे.

सोयाबीन आलं. मुकादमानं निरोप धाडला, सोमवारी या. मी रजा घेतली.

त्या सकाळी आबांनी धुतलेला शर्ट घातला. माय दारात उभी राहिली. आम्ही दोघं चालत मोंढ्यात गेलो. वाटेत आबा एकदाच बोलले. "पडलो तर तू पुढं येऊ नगंस. टोळी उचलंल."

मोंढ्यात टोळी गोळा झाली होती. पोत्यांच्या थप्पीला लागून ट्रक उभा, फळी लावलेली. नव्या माणसांपैकी दोघं एका बाजूला उभे होते, नजर खाली. त्यांच्यातल्या एकाला आबांचा बिल्ला मिळणार होता, आणि त्याला लाज वाटत होती. पुढं जाऊन मी फळी पाहिली.

फळीखाली, बरोबर मधोमध, लोखंडी ड्रम आडवा घालून त्यावर वाळूचं पोतं ठेवलेलं होतं. फळी त्यावर घट्ट टेकली होती.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"म्या," मुकादम मामा हळूच म्हणाला. "बोलू नगंस. फळी हलणार न्हाई. चढून जाईल सुखात. तेच्या भल्यासाठीच केलंय, पोरी."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. तोच आनंद, तीच शाबासकी, वर्षापूर्वीची माझी.

"काढा ते," मी म्हटलं.

"अगं, तेला आधार..."

"काढा म्हणते ना!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या दुकानातला मुनीम बाहेर आला. कोणी हललं नाही. शिकलेली पोरगी, आणि बापाचा आधार काढायला निघाली, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि वाळूचं पोतं ओढलं. ते निघेना. हाताची सालटी निघाली. मी ओढत होते आणि मला रडू फुटलं, वर्षभराचं, सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत.

पोतं एकदम हलकं झालं. दुसऱ्या बाजूनं आबांनी धरलं होतं. ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते, फळीच्या खाली आमची दोघांची डोकी जवळजवळ. आम्ही पोतं बाहेर ओढलं. मग त्यांनी ड्रम पायानं ढकलला.

"आबा," मी म्हटलं, "मागच्या वर्षी..."

"ठावं हाय."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"ठोकळा आन् वरती वीट," आबा हळू म्हणाले. दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "डबा खाताना दिसलीस. मग मी पडलो तवा काढून फेकलास, ते बी दिसलं."

"मग चढलात का? काढला का नाही?"

आबांनी हात झटकले. फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तू ठिवला होतास. शिकून आलेल्या पोरीनं ठिवलंय, काहीतरी इचार करूनच ठिवलं असंल, असं वाटलं. आन् सगळ्यांसमोर मीच काढला असता तर तुझं शिकणं काढल्यासारखं झालं असतं." मग म्हणाले, "चूक माझी. मला फळी ठावी होती."

वर्षभर मी ज्या माणसापासून लपवत होते तो माणूस वर्षभर मी लपवते आहे हे लपवत होता. अंगणातल्या प्रत्येक उडीनंतर तो थांबत होता, तेव्हा त्याला पायाची भीती नव्हती. खाली पुन्हा माझं काही ठेवलेलं असेल, आणि तरीही चढावं लागेल, याची होती. हे मला तिथं गुडघ्यावर बसलेली असताना समजलं.

"आता खाली काय न्हाई ना?" आबांनी विचारलं.

"नाही."

"बघून सांग."

मी वाकले, फळीखाली हात घातला, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. धूळ होती, थोडं सांडलेलं सोयाबीन होतं. "काही नाही, आबा," मी म्हटलं.

आबा उठले. दोघांनी पोतं पाठीवर दिलं. त्यांनी आकडा बसवला, फळीच्या तोंडाशी गेले. मी खालीच बसून राहिले, डोळे त्यांच्या उजव्या टाचेवर. शस्त्रक्रियेचा लांबट व्रण, त्याखाली ती जोडलेली शीर. पहिलं पाऊल. दुसरं मध्ये पडलं, फळी चार बोटं खाली गेली, टाच तिच्याबरोबर खाली गेली, शीर दोरीसारखी ताणली, आणि तिथं मला वाटलं, आता थांबणार.

ते थांबले नाहीत. फळी वर आली आणि तिच्याबरोबर आबा वर गेले. तिसरं पाऊल, चौथं, मग हौद्यात पोतं पडल्याचा धप्प आवाज. फळीचा आवाज आलाच नाही.

टोळीनं एकदम श्वास सोडला. मुकादम मामा डोळे पुसत खोलीकडं बिल्ला आणायला वळला. आबा ट्रकच्या फाळक्याला धरून वरून खाली पाहत होते. लोकांकडं नाही, माझ्याकडं.

"उठ आता," ते म्हणाले. "आन् बाजूला हो, मला दुसरं न्यायचंय."